माझा कान आणि आईचा डोळा

माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या कानामुळे दोनदा पुढे ढकललं गेलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसलेल्या मुलीला मी हे सांगितलं, तेव्हा तिचं पेन लिहिता लिहिता थांबलं.

"कुणाच्या कानामुळे?"

"माझ्या."

"पण पेशंट तर तुमची आई आहे ना?"

"हो."

"मग तुमचा कान..."

"मॅडम, तुम्ही फक्त तारीख बदला!" मी ओरडलो.

मी ओरडतोच. ओरडणं हा माझा स्वभाव आहे असं माझी बायको वृंदा म्हणते. मी म्हणतो, तो माझा व्यवसाय आहे. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत मी सुपरवायझर आहे. सांताक्रूझपासून बोरिवलीपर्यंत कुठेही लिफ्ट अडकली की आतला माणूस वॉचमनवर ओरडतो, वॉचमन माझ्यावर आणि मी मेकॅनिकवर. तीस वर्षं हे चाललंय. घरी आल्यावर लगेच आवाज खाली येत नाही, एवढंच. (सोसायटीतले लोक म्हणतात, कधीच येत नाही. त्यांचं मनावर घेऊ नका.)

तर आई. वय एक्याऐंशी. मूळ गाव मालवणकडचं, गेली पन्नास वर्षं मुक्काम जोगेश्वरी पूर्व. बोली मालवणी, दात अजून स्वतःचे, आणि त्याचं सगळं श्रेय ती मशेरीला देते. मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. आई ती रोज सकाळी बोटाने दातांना घासते. महिन्यातून एकदा ती तंबाखू भाजते तेव्हा आमचा अख्खा मजला खोकतो. पण तिचे डोळे मात्र गेले होते. उजव्याने नुसता उजेड-अंधार, डाव्याने माणसाच्या जागी हलता ढग. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मोतीबिंदू पिकलाय. आणखी लांबवलंत तर ऑपरेशन अवघड होईल." मी तारीख घेतली, रजा टाकली, रिक्षावाल्यालाही सांगून ठेवलं. आणि आदल्या संध्याकाळी आई खाटेवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मी येवचंय नाय."

"का?"

"देवाचा देणा बाकी आसा."

"कसलं देणं?"

"तुझो कान."

मला वाटलं, आता डोळ्यांबरोबर डोकंही गेलं. पण तिचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत होतं. माझ्याआधी तिची दोन मुलं गेली होती. मी झालो तेव्हा तिने गावच्या देवाला सांगितलं, "ह्यो जगांदे, तेच्या उजव्या कानात भिकबाळी घालीन." भिकबाळी म्हणजे पुरुषाच्या कानाच्या वरच्या भागात घालायची बाळी. आमच्याकडे ती पाच घरी भीक मागून करायची, म्हणजे वाईट नजरेला वाटावं की हे पोर भिकेतलं आहे, ह्याला कशाला न्या! पण बाबा आम्हाला घेऊन मुंबईला आले, गिरणीला लागले, गावी जाणं राहिलं. मग गिरणी गेली, मग बाबा गेले. कान तसाच राहिला.

"आई, मी जगलो ना? चोपन्न वर्षं जगलो! देवाने त्याचं काम केलं, विषय संपला!"

"देवान केल्यान. आमी खय केलंव?" आई म्हणाली. "आता डोळ्यार सुरी फिरवतले. देव म्हणतलो, ह्या बायलेन माका फसवल्यान. डोळो गेलो तर?"

मी तासभर ओरडलो. विज्ञान सांगितलं, लेझर सांगितलं, ऑपरेशनचा भरलेला ॲडव्हान्स सांगितला. आईकडे एकच हत्यार आहे. ती भिंतीकडे तोंड करून आडवी होते. तारीख पहिल्यांदा गेली ती अशी.

आता ह्या प्रकाराने घरात एकाच व्यक्तीला आनंद झाला. माझी मुलगी केतकी, वय तेवीस. हिने गेल्या वर्षी अंधेरीतल्या एका स्टुडिओत जाऊन कानाच्या वरच्या कडेला दोन भोकं पाडून घेतली होती, तेव्हा मी "हा कान आहे की पडद्याचा रॉड?" असं विचारून अकरा दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. ती उड्या मारत आली.

"बाबा, वेलकम! माझ्याच स्टुडिओत चला ना. ती ताई नवीन सुई वापरते, आधी साधी हलकी रिंग घालते, नंतर काय करायचं ते पण समजावून सांगते."

"ज्या दुकानात भिंतीवर कवट्या टांगल्यात तिथे मी देवाचा नवस फेडू?"

"बाबा, वरचा कान लवकर सुकत नाही. खूप जपायला लागतं यार."

"मला शिकवू नकोस! आमच्या घराण्यात शेकडो वर्षं कान टोचतायत."

"तुमचा सोडून," केतकी म्हणाली.

भीक मागायला मी रविवारी सकाळी निघालो. चार घरं बरी गेली. पाचवं दार उघडलं ते सोसायटीच्या सेक्रेटरीने. ह्या माणसाला पाण्याच्या टाकीवरून मी इतकी तक्रारपत्रं लिहिली आहेत की त्याने माझी वेगळी फाइल केली आहे. मला बघताच तो हात जोडून म्हणाला, "काका, टाकीवाला उद्या नक्की येतोय, आईशप्पथ!"

"टाकीचं राहू दे," मी दात आवळून म्हणालो. "भीक घाला."

"काय?"

"भीक! भीक घाला म्हणतोय, ऐकू येत नाही का?"

त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी जन्मात विसरणार नाही. त्याने बायकोला हाक मारली. आईला हाक मारली. समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. "काका, नीट ऐकलं नाही, परत एकदा म्हणता का?" मी परत म्हणालो. नवस होता, काय करणार!

मग सोनार. त्याने माझ्या कानाचा वरचा भाग दोन बोटांत धरून दाबून पाहिला आणि मान हलवली. "लहान पोराचं मऊ असतं हो. तुमचं जाम झालंय. असं करू, आता नुसती बारीक तार घालतो. सुकलं की बाळी घाला."

"नवस तारेचा नाही, बाळीचा आहे!" मी म्हणालो. "दोन मोती, मध्ये लाल खडा. आत्ताच्या आत्ता!"

"जड होईल."

"तुम्हाला उचलायची आहे का?"

त्याने टोचलं. मी तीस वर्षं ओरडतोय, पण तसं ओरडलो नव्हतो. दुकानातल्या दोन बायका हातातलं मंगळसूत्र काउंटरवर टाकून बाहेर पळाल्या. सोनाराने वर हळद-खोबरेल लावायला सांगितलं आणि रोज बाळी थोडी थोडी फिरवा, नाहीतर चिकटेल, असंही सांगितलं. मी फार आज्ञाधारक माणूस आहे. दिवसातून तीस-चाळीस वेळा फिरवली.

घरी आल्यावर आईने माझा कान चाचपला. मोती बोटांना लागले आणि तिच्या ढगाळ डोळ्यांतून पाणी आलं. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू! मी म्हटलं, "चल, आता उद्याच तारीख घेतो."

"आता कान सुको होवंदे. मगे डोळो."

"म्हणजे?"

"ओलो कान घेवन देवाक काय सांगू? कान बरो झालो की नवस पुरो झालो."

तीन आठवड्यांनंतरची तारीख घेतली. तीन आठवड्यांत कुठलाही कान बरा होतो, असं मला वाटत होतं!

चौथ्या दिवशी कान लाल झाला. सातव्या दिवशी फुगला. नवव्या दिवशी हेल्मेट चढेना, म्हणून जोर लावून चढवलं, आणि मग उतरेना. जोगेश्वरीच्या सिग्नलपासून अंधेरीच्या साइटपर्यंत आणि तिथून घरापर्यंत मी हेल्मेटमध्येच होतो. चहासुद्धा काच वर करून प्यायलो. वृंदाने आणि केतकीने दोन्हीकडून धरून ते ओढून काढलं तेव्हा बाळीबरोबर कानही आला की काय, असं मला वाटलं.

त्यानंतर उपचारांना ऊत आला. वृंदा हळद-तेल थापायची. घरातल्या सगळ्या उश्या पिवळ्या झाल्या. शेजारच्या गायकवाड वहिनींनी कडुलिंबाचा पाला वाटून दिला. आमच्या एका मेकॅनिकने "साहेब, टूथपेस्ट लावा, भारी थंड वाटतं" असं सांगितलं, वाटलं नाही. मी स्वतः कपाटातून स्पिरिट काढून ओतलं, आणि मग हॉलमध्ये जे नाचलो ते खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन थांबवलं. त्यात दिवसभर फोन त्याच कानाला दाबून ओरडणं चालूच होतं. पंधराव्या दिवशी भोकाच्या कडेला वाटाण्याएवढी गाठ आली आणि तिच्यातून पू यायला लागला.

"बाबा, मिठाचं पाणी. फक्त मिठाचं पाणी. बाकी सगळं बंद," केतकी म्हणाली. "आणि हात लावू नका. फिरवू तर अजिबात नका!"

"तू गप्प बस! माझा कान आहे, पडद्याचा रॉड नाही!"

आईची दुसरी तारीख गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी फोनवर मला झापलं. मी बोलायच्या ऐवजी ऐकत होतो, तेही सुजलेल्या कानाने, आणि माझ्यावर कुणी ओरडायची सवय मला अजिबात नाही. फोन ठेवला आणि सगळा राग वृंदावर काढला. ती शांतपणे म्हणाली, "सासूबाई काल भिंतीला आपटल्या. दरवाजा समजून भिंतीत शिरत होत्या. तुमच्या कानाचं काहीतरी करा."

शेवटी त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. केतकीच्याच वयाची दिसणारी मुलगी. तिने कान पाहिला, वास घेतला आणि विचारलं, "काका, काय काय लावलंत?"

मी सांगितलं.

"कानाची भाजी करायची होती का?"

केतकी माझ्यामागे उभी राहून हसली.

"बाळी काढून टाकू?" मी विचारलं.

"मुळीच नाही! आता काढली तर भोक बुजेल आणि पू आत कोंडेल. ही जड बाळी बदलून हलकी साधी रिंग घालू, चांगल्या सोन्याचीच. गोळ्या देते, त्या पूर्ण घ्या. दिवसातून दोनदा सलाइनने धुवायचं, स्वच्छ कापसाने टिपायचं. तेल नाही, हळद नाही, स्पिरिट तर नाहीच. हात लावायचा नाही, फिरवायची नाही. डाव्या कुशीवर झोपा, उशीचा अभ्रा रोज बदला. फोन डाव्या कानाला. थोडे दिवस स्कूटर बंद, बसने जा."

प्रत्येक वाक्याला मागे केतकी बोटं मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, "मी हेच सांगत होते."

"तू बोलू नकोस!"

"आणि काका, केसांना डाय लावता?"

"छे!" मी म्हणालो.

"लावतात," वृंदा म्हणाली. "न्हाणीघरात दार लावून. आम्हाला कळत नाही असं त्यांना वाटतं."

डायही बंद झाला.

मी सगळं पाळलं. हो, मी! बसने गेलो, डाव्या कानाला फोन लावला, डाव्या कुशीवर झोपलो. गाठ जरा उतरली. पण कान काही सुकेना. रोज सकाळी उठलो की भोकाभोवती पुन्हा लाली, पुन्हा चिकट, आणि त्यात काळपट काहीतरी भरलेलं. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी ते कापसावर घेतलं आणि नाकाशी नेलं.

"काका, तुम्ही तंबाखू खाता?"

"कानाने?" मी ओरडलो.

"तंबाखूचा वास येतोय."

आता मात्र माझं डोकं फिरलं. घरात कुणीतरी घात करत होतं! माझा पहिला संशय वृंदावर, कारण तिचा हळदीवरचा विश्वास अजून उडाला नव्हता. दुसरा गायकवाड वहिनींच्या पाल्यावर. तिसरा सेक्रेटरीवर. (तो रात्रीतून चौथ्या मजल्यावर कसा येईल, एवढा विचार मी केला नव्हता.) शेवटी मी ठरवलं, पहाटे जागं राहायचं आणि चोराला रंगेहाथ पकडायचं.

मी हॉलमध्ये जमिनीवर गादी घालून झोपतो. साडेपाचला गॅलरीचं दार वाजलं. मी डाव्या कुशीवर, डोळे मिटून. पावलं घासत घासत जवळ आली. कुणीतरी गुडघे धरून "आई गे" म्हणत खाली बसलं. आणि ओलसर, खरखरीत दोन बोटं माझ्या कानावर आली. वरून खाली चाचपली, रिंगेपाशी थांबली, रिंग धरून अर्धी फिरवली, आणि आवाज आला, "आसा."

"आई!!!"

आई दचकली, तिच्या दुसऱ्या हातातली मशेरीची डबी उडाली आणि ती माझ्या अंगावर, गादीवर आणि रोज बदलायच्या त्या पांढऱ्या अभ्र्यावर रिकामी झाली. वृंदा आणि केतकी धावत आल्या. मी काळा, गादी काळी, आणि मी ओरडतोय.

"तू! तू रोज हे करतेस?"

"मग काय करू? माका दिसाक नाय. हात लावन बघतंय, बाळी आसा की काढून टाकलंस."

"मी कशाला काढू?"

"शाळेत आसताना गळ्यातलो ताईत काढून गटारात टाकलेलंस. माका म्हायत नाय?"

पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा ताईत! आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. रागवायचं मी, तर रागावून बसली ती. हळूहळू सगळा उलगडा झाला. टोचल्या दिवसापासून ती रोज पहाटे मशेरी लावत लावत माझ्यापाशी यायची, बाळी आहे ना बघायची आणि मग देवाला हात जोडायची. आधी मोठे मोती बोटाला लगेच लागायचे. डॉक्टरांनी बारीक रिंग घातल्यावर तिला शोधायला जास्त वेळ लागायला लागला. आणि मी शहाण्यासारखा डाव्या कुशीवर झोपत असल्याने कान तिच्यासाठी अगदी सोयीने वर यायचा!

मी गादीवर तसाच बसून हिशेब मांडला. आईला दिसत नाही म्हणून ती कान चाचपते. चाचपते म्हणून कान सुकत नाही. कान सुकत नाही म्हणून ती ऑपरेशनला येत नाही. ऑपरेशन नाही म्हणून दिसत नाही! तीस वर्षं अडकलेल्या लिफ्ट सोडवल्या, पण अशी अडकलेली एकही पाहिली नव्हती.

"आजपासून हात लावायचा नाही! कळलं?"

"लावतलंय. देवाचो शब्द आसा."

"मग मी दाराला कडी लावून झोपेन!"

"खयच्या दाराक? तू हॉलात निजतंस."

मला प्रचंड राग आला. आणि रागाच्या खाली भीती होती, तीही सांगून टाकतो. ही बाई ह्या घरात भिंतीला आपटत आंधळी होणार, आणि कारण माझा कान! मी भिंतीकडे तोंड करून बसलो. (हे हत्यार वंशपरंपरागत आहे, हे मला तेव्हा कळलं.)

तेव्हा केतकी आईजवळ जाऊन बसली.

"आजी, तू देवाला पारोशी शिवतेस का गं?"

"शी! आंघोळ केल्याबिगर मी देवाक कधी शिवाक नाय."

"आणि मशेरीच्या हाताने?"

"पिसा लागला काय गो तुका?"

"मग बाबांच्या कानातली बाळी कुणाची? नवसाची ना? म्हणजे देवाची ना?"

आईने आपली काळी बोटं डोळ्यांजवळ नेली, जणू तिला ती दिसणार होती. मग दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या.

"अगो बाये माझे! दीड महिनो मी पारोशान देवाच्या वस्तूक शिवतंय!"

अकरा दिवस ज्या पोरीशी मी बोललो नव्हतो, तिने दोन मिनिटांत लिफ्ट सोडवली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "काही बोलायची गरज नाही बाबा. सलाइन आणते." मला बोलायचंच होतं, पण आवाज नीट लागला नाही. माझ्या आवाजाला खालची पट्टी माहीत नाही.

त्या दिवसापासून माझ्या कानाला सोवळं लागलं. आईने हात लावणं सोडलंच, पण बाकीच्यांनाही लावू देईना. वृंदा आंघोळ केल्याशिवाय कापूस घेऊन माझ्याजवळ येऊ शकत नव्हती. सलाइनची बाटली देव्हाऱ्याशेजारी गेली. आणि सगळ्यात जास्त पंचाईत झाली ती माझी! कारण खरं सांगायचं तर आई दिवसातून एकदा रिंग फिरवत होती, आणि मी चिडलो की दर वेळी माझा हात कानाकडे जात होता. म्हणजे दिवसभर. डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं नव्हतं. मलाही ते माहीत नव्हतं. ते आईने शोधून काढलं, तेही न बघता. मी फोनवर आवाज चढवला की आतल्या खोलीतून ती ओरडायची, "हात खाली!" आणि खरोखरच हात वर गेलेला असायचा!

"तुला कसं कळतं?"

"पाळण्यात आसल्यापासून. रडताना कान ओढूचंस."

हात खाली ठेवायचा तर चिडणं बंद करावं लागत होतं. तिसऱ्या दिवशी एका मेकॅनिकने भीत भीत विचारलं, "साहेब, तब्येत बरी आहे ना? दोन दिवस झाले, शिवी नाही काही नाही." तो रजेच्या दिवशी फळं घेऊन घरी भेटायला आला. मी त्याच्यावरही ओरडलो नाही. तो घाबरून लवकर निघून गेला.

आणि कान सुकला. पू थांबला, सूज उतरली, गाठ मावळली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतून पूर्ण भरायला अजून काही महिने लागतील, मोती तेव्हाच घाला. पण आता काळजी नाही." आईने सकाळी आंघोळ करून, देवाची पूजा करून, हात धुऊन फक्त एकदा कान चाचपला. कोरडा. "घे तारीख," ती म्हणाली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला. मोती अजून घालायचे नव्हते, म्हणून नुसती रिंग कापसाने पुसून लख्ख केली. केस विंचरले. डाय बंद झाल्यापासून ते सगळे पांढरे झाले होते, पण आज दिसायचा होता तो कान. मी खुर्चीसमोर मान जरा डावीकडे वळवून, उजवा कान पुढे करून उभा राहिलो. वृंदा आणि केतकी बाजूला. डॉक्टरांनी पट्टी काढली.

"आजी, समोर कोण दिसतंय?"

आईने डोळा मिचकावला. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग केतकीकडे झुकून हळूच विचारलं, "ह्यो म्हातारो कोण गो?"

"आई, मी!!" मी ओरडलो.

"आवाज माझ्या झिलाचो आसा," आई डॉक्टरांना म्हणाली.

मग तिला कान दिसला. तिचा हात वर आला आणि अर्ध्यावर थांबला. "हात धुवूक पाणी खय?" तिने नर्सला विचारलं. नर्सने तिचे हात धुतले, पुसले. मग आईने मला खाली वाकवून रिंगेला एका बोटाने अलगद शिवलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "फिटला रे म्हाराजा." तिला चोपन्न वर्षं ते वाक्य म्हणायचं होतं.

तिने डोळा पुन्हा उघडला आणि ह्या वेळी कानाकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावरच्या आठ्या, आवळलेला जबडा, सगळं निरखून पाहिलं. कितीतरी वर्षांनी बघत होती ती.

"कान बरो झालो," आई म्हणाली. "तोंड कधी बरा होतला?"

सगळे हसले, डॉक्टरसुद्धा. मला भयंकर राग आला. हात कानाकडे निघाला, आणि आईने नुसतं पाहिलं तसा खाली आला. रिक्षात बसल्यावर मी केतकीला विचारलं, "का गं, तोंडाला पण सलाइन चालतं का?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "तोंडाला एकच उपाय. काही महिने बंद ठेवायचं."